म्राविन्स्कीच्या तबकड्यांची सूची: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

टेबलावर आत्ता तीन सीडी पडल्या आहेत. तिन्हींवर चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी, तिन्हींवर रशियन कंडक्टर येव्गेनी म्राविन्स्की आणि त्याचा ऑर्केस्ट्रा लेनिनग्राद फिलहार्मोनिक, आणि तिन्हींच्या पाठीवर गाव एकच: व्हिएन्ना. पहिली जून १९५६ची, कोन्झेर्टहाउस या सभागृहातली, मोनो. दुसरी नोव्हेंबर १९६०ची, मुझिकफेराइन या दुसऱ्या सभागृहातली, स्टिरिओ. तिसरी जून १९७८ची, पुन्हा मुझिकफेराइनच, पण समोर श्रोते बसलेले. नवखा माणूस यादी करतो तेव्हा या तिघींची एक ओळ होते. आणि मधलीच्या सहा आवृत्त्या हाती आल्या की तोच माणूस सहा ओळी करतो. सूची बिघडते ती बहुतेक वेळा या दोन वाटांनी.

म्हणून सुरुवातीलाच एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एक नोंद म्हणजे एक वादन. तबकडी हा त्या वादनाचा नुसता पत्ता. एका माणसाचे दहा पत्ते असू शकतात, आणि एका पत्त्यावर चार माणसं राहू शकतात.

आधी माणूस निवडा

रशियन कंडक्टरांची सूची करायची हौस असेल तर स्वेतलानोव्हपासून सुरुवात करू नका. रशियन सिंफनी संगीत जवळजवळ अख्खंच ध्वनिमुद्रित करायला घेतलेला माणूस तो. तुम्ही वर्षभरात दमाल. रोझ्देस्तवेन्स्कीचंही तेच. म्राविन्स्की नवशिक्याला सोयीचा. १९३८ साली मॉस्कोतली अखिल सोव्हिएत कंडक्टर स्पर्धा जिंकून तो लेनिनग्राद फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि १९ जानेवारी १९८८ला वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं, एक ऑर्केस्ट्रा. शिवाय तो त्याच त्या रचना पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि स्टुडिओत फारसा रमायचा नाही, त्यामुळे १९६०नंतरची बरीचशी ध्वनिमुद्रणं मैफलींतली आहेत. म्हणजे रचना थोड्या, वादनं पुष्कळ. सूचीकाराचा हात बसायला याहून चांगलं काय हवं?

आवाकाही ठरवून टाका. फक्त प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं घ्यायची, की रेडिओच्या टेप आणि तालमीही? म्राविन्स्कीच्या तालमींची ध्वनिमुद्रणं विकत मिळतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. माझं मत: तालमी घ्या, पण वेगळ्या खुणेनं. त्या मैफलीच्या ओळीत मिसळल्या की कालावधीचा सगळा हिशेब चुकतो.

तीन तक्ते

एक्सेल किंवा तत्सम काहीही चालेल. एकाच फाइलमध्ये तीन पानं करा.

पहिलं पान वादनांचं: रचनाकार, रचना, तारीख, गाव, सभागृह, ऑर्केस्ट्रा, एकलवादक, मैफल की स्टुडिओ, मोनो की स्टिरिओ, प्रत्येक भागाचा कालावधी. दुसरं पान तबकड्यांचं: कंपनी, क्रमांक, देश, प्रकार, आणि तिच्यावर पहिल्या पानावरची कोणकोणती वादनं आहेत ते. तिसरं पान छोटं, पण खरा जीव तिथेच आहे. मी त्याला 'कशावरून' म्हणतो. प्रत्येक तारखेसमोर ती कुठून मिळाली हे इथे लिहायचं: लेबलवरून, वेष्टनावरून, कार्यक्रमपत्रिकेवरून, दुसऱ्याच्या सूचीवरून, की स्वतःच्या कानावरून. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर एक खोडून दुसरी लिहू नका. दोन्ही ठेवा. तुम्ही आज खोडलेली तारीख पाच वर्षांनी बरोबर निघते, आणि मग ती कुठे वाचली होती ते काही केल्या आठवत नाही.

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं लिहा, म्हणजे आपोआप क्रम लागतो. दिवस माहीत नसेल तर ती जागा शून्यानं भरा. अंदाजानं १ तारीख टाकू नका. आणि एक गंमत: सोव्हिएत रचनाकार शोस्ताकोविचच्या अकराव्या सिंफनीचं नाव 'वर्ष १९०५' आणि बाराव्या सिंफनीचं 'वर्ष १९१७'. माझ्या पहिल्या यादीत ही दोन वर्षं कुठल्यातरी झोपाळू रात्री तारखेच्या रकान्यात गेली. १९०३ साली जन्मलेला म्राविन्स्की दोन वर्षांचा असताना सिंफनी वाजवत होता, असं माझी यादी बरेच महिने सांगत होती.

लेबल वाचायला शिका

रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. शनिवार-रविवारचं काम. डोळ्याला फसवणारी अक्षरं फार नाहीत: इंग्रजी सीसारखं दिसतं ते 'स', पीसारखं ते 'र', बीसारखं ते 'व', एचसारखं ते 'न'. म्राविन्स्कीच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजीची सवय असलेल्या डोळ्याला एम-पी-ए-बी दिसतात. एकदा ती 'म्राव' अशी वाचता आली की अर्धी लढाई जिंकली.

आता क्रमांक. सोव्हिएत लाँगप्ले तबकडीच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून वेष्टनावर जोडी दिसते: अमुक ९८-९९. जुन्या मोनो तबकडीवर क्रमांकाआधी घरासारखं दिसणारं 'द' अक्षर असतं, 'दोल्गोइग्रायुश्चाया' म्हणजे लाँगप्ले या शब्दातलं. त्यानंतर एक शून्य असेल तर तबकडी ३० सेंटिमीटरची, शून्य नसेल तर २५ची, तीन शून्यं असतील तर छोटी, साडेसतरा सेंटिमीटरची. स्टिरिओला 'स', म्हणजे तेच सीसारखं दिसणारं अक्षर. बरेच जण ते 'सी' म्हणून टाइप करतात आणि मग शोधताना काही सापडत नाही म्हणून कंपनीला नावं ठेवतात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बदलली. त्यानंतर 'स १०' किंवा 'म १०' असं दिसतं. अक्षर स्टिरिओ किंवा मोनो सांगतं, १ हा आकडा सिंफनी, ऑपेरा आणि चेंबर संगीताचा, आणि शून्य म्हणजे ३० सेंटिमीटर. ऐंशीच्या दशकात डिजिटलसाठी 'अ' आला. म्हणून पन्नासच्या दशकातलं मोनो वादन 'म १०' क्रमांकानं दिसलं तर गोंधळू नका. ते पुनर्मुद्रण आहे: दुसऱ्या पानावर नवी ओळ, पहिल्या पानावर जुनीच.

क्रमांक बाजूचा असल्यामुळे तोच क्रमांक मॉस्कोजवळच्या अप्रेलेव्हका कारखान्यातून, लेनिनग्रादहून, रीगाहून आणि ताश्कंदहून छापलेल्या तबकड्यांवर दिसतो. लेबलाचा रंग वेगळा, चित्र वेगळं, वादन एकच. रंगांवर फिदा होऊन सूची वाढवू नका. कारखान्याचं नाव दुसऱ्या पानावर एका रकान्यात टाका आणि पुढे चला.

लेबलवर बारीक अक्षरात 'गोस्त ५२८९' आणि पुढे दोन आकडे सापडतील: ६१, ६८, ७३, ८०. हे सोव्हिएत मानकाच्या आवृत्तीचं वर्ष. ६८ असेल तर ती प्रत १९६८च्या आधीची नाही, आणि पुढचं मानक लागू झाल्यावर फार काळ छापलेली नाही. ही छपाईची खिडकी झाली. ध्वनिमुद्रणाच्या वर्षाशी तिचा काही संबंध नाही. वर्तुळातल्या 'पी'पुढचं वर्षही तसंच, प्रसिद्धीचं. सूचींमध्ये सगळ्यात जास्त चुका या एका वर्षानं केल्या असतील.

लेबलवरच्या पदव्याही वाया घालवू नका. म्राविन्स्कीला 'सोव्हिएत संघाचा लोककलावंत' ही पदवी १९५४ साली मिळाली, 'समाजवादी श्रमवीर' १९७३ साली. पहिली पदवी नावाआधी छापलेली असेल तर ते लेबल १९५४च्या आधीचं असू शकत नाही. आपल्याकडे जुन्या पत्रिकांवर 'पद्मश्री' आहे की 'पद्मभूषण' हे पाहून साल काढतात, तसंच हे.

ऑर्केस्ट्राच्या रकान्यात हात आखडा

सगळीकडे 'लेनिनग्राद फिलहार्मोनिक' ओढून टाकायचा मोह होतो. टाळा. शोस्ताकोविचची आठवी सिंफनी म्राविन्स्कीलाच अर्पण केलेली, आणि ४ नोव्हेंबर १९४३ला मॉस्कोत ती पहिल्यांदा वाजवली तीही त्यानंच. पण समोर ऑर्केस्ट्रा होता सोव्हिएत संघाचा स्टेट सिंफनी.

उलट बाजूनंही फसगत होते. लेनिनग्रादच्या फिलहार्मोनिक संस्थेत पुढे दोन ऑर्केस्ट्रा झाले. दुसरा मुळातला रेडिओचा. ९ ऑगस्ट १९४२ला वेढ्यातल्या उपाशी शहरात शोस्ताकोविचची सातवी वाजवली ती कार्ल एलियासबर्गनं, याच रेडिओ ऑर्केस्ट्राकडून. म्राविन्स्की आणि त्याचे वादक तेव्हा नोव्होसिबिर्स्कमध्ये होते. त्यामुळे 'म्राविन्स्की, लेनिनग्राद, १९४२' असं कुठे दिसलं तर त्या ओळीला तांबडा रंग द्या.

१९५६च्या व्हिएन्ना दौऱ्यात डॉइश ग्रामोफोननं चायकोव्हस्कीच्या चौथी, पाचवी, सहावी अशा तिन्ही सिंफनी मोनोत ध्वनिमुद्रित केल्या. पाचवी आणि सहावी म्राविन्स्कीची. चौथी कुर्ट झांडरलिंगची, तो तिथला दुसरा कंडक्टर. १९६०च्या स्टिरिओ संचात मात्र तिन्ही म्राविन्स्कीच्याच आहेत. दोन्ही संचांत कंपनी तीच, ऑर्केस्ट्रा तोच, सिंफनी त्याच. म्हणून '१९५६, चौथी' समोर म्राविन्स्कीचं नाव आपसूक जातं.

आणि 'सेंट पीटर्सबर्ग फिलहार्मोनिक' असं छापलेलं दिसलं तर लक्षात ठेवा की शहराला ते नाव १९९१ साली परत मिळालं. म्राविन्स्कीच्या हयातीत तो ऑर्केस्ट्रा लेनिनग्रादचाच. वादनाच्या पानावर त्या काळचं नाव, तबकडीच्या पानावर जे छापलंय ते.

नावांचे अवतार

जर्मन वेष्टनावर त्याचं स्पेलिंग एक, फ्रेंचवर दुसरं, अमेरिकन तबकडीवर तिसरं, जपानीवर तर लिपीच वेगळी. सोव्हिएत ध्वनिमुद्रणं परदेशात वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांखाली विकत: जर्मनीत ऑयरोडिस्क, फ्रान्समध्ये शां द्यू मोंद, अमेरिकेत एंजल, जपानमध्ये व्हिक्टर. तुमच्या सूचीत एक प्रमाण रूप ठरवा आणि बाकी सगळी रूपं एका कोपऱ्यात जपून ठेवा. शोधायला तीच लागतात.

रचनांनाही हा रोग आहे. शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकलवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) २९ ऑक्टोबर १९५५ला डेव्हिड ओइस्त्राख आणि म्राविन्स्कीनं पहिल्यांदा वाजवला. तो छापला गेला ओपस (म्हणजे रचनाकाराच्या यादीतला क्रमांक) ९९ म्हणून, आणि आज ओळखला जातो ओपस ७७ म्हणून. जुनं लेबल आणि नवी सीडी समोरासमोर ठेवली तर दोन वेगळे कॉन्चेर्टो वाटतात. रशियन लेबलवर ओपसला 'सोच.' लिहितात आणि सूर दो-रे-मीनं सांगतात: 'दो मिनोर' म्हणजे सी मायनर, 'सी मिनोर' म्हणजे बी मायनर. हे शेवटचं दोनदा वाचा. रशियन 'सी' हा आपला नी, आणि इंग्रजी सी हा आपला सा.

दौऱ्याचा नकाशा

माणूस एकाच दिवशी दोन गावांत वाजवू शकत नाही. या साध्या गोष्टीचा सूचीत फार उपयोग होतो. १९६०च्या शरदातल्या युरोप दौऱ्याचंच घ्या. सप्टेंबरात ऑर्केस्ट्रा लंडनमध्ये: वेंब्ली टाउन हॉलमध्ये चायकोव्हस्कीची चौथी ध्वनिमुद्रित झाली, आणि २३ सप्टेंबरला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये शोस्ताकोविचची आठवी वाजली. नोव्हेंबरात व्हिएन्ना: पाचवी आणि सहावी. आता एखाद्या स्वस्त सीडीवर 'चौथी, व्हिएन्ना, नोव्हेंबर १९६०' दिसलं की तुम्ही थबकता. तिन्ही सिंफनी एकत्र विकताना कुणीतरी तीनदा लिहायचा कंटाळा केलेला असतो.

असाच एक पट्टा फेब्रुवारी १९६५चा: मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहातल्या मैफली. ग्लिंकाच्या 'रुस्लान आणि ल्युद्मिला'ची सुसाट ओव्हर्चर (ऑपेराआधी वाजणारा भाग), सिबेलियसची सातवी, बार्टोक, होनेगर, शोस्ताकोविचची सहावी, सगळं त्या काही दिवसांतलं. किंवा २६ मे १९७३, तोक्यो बुंका काइकान: बेथोव्हनची चौथी आणि शोस्ताकोविचची पाचवी. असे पट्टे आधी भरून घ्या. मधल्या सुट्या नोंदी मग आपोआप जागेवर बसायला लागतात.

दोन तबकड्या, वादन एकच का?

इथे घाई करू नका. खरा आनंद इथेच आहे.

आधी कालावधी मांडा, भागवार. वेष्टनावर छापलेला घेऊ नका, स्वतः मोजा. पहिल्या सुरापासून शेवटचा सूर विरेपर्यंत, टाळ्या सोडून. शोस्ताकोविचच्या आठवीचे शेवटचे तीन भाग न थांबता वाजतात, आणि बारावीचे चारही. तिथे सीडीवरची ट्रॅकची रेघ कुठे मारली यावर भागाचा कालावधी बदलतो, म्हणून अशा ठिकाणी जोडलेल्या भागांची बेरीज धरा.

समजा एका तबकडीवर चार भाग १५:००, १२:००, ५:३० आणि ११:०० आहेत आणि दुसरीवर १४:४२, ११:४६, ५:२३ आणि १०:४७. वरवर पाहिलं तर दुसरं वादन जलद. पण भागाकार करा: चारही भाग बरोबर २ टक्क्यांनी लहान. हाडामांसाचा कुठलाही ऑर्केस्ट्रा चार भाग इतक्या सारख्या प्रमाणात जलद वाजवत नाही. टेप जलद फिरली आहे. वादन एकच.

याची दुसरी खूण पट्टी. टेप जलद फिरली की सूर चढतो. पांढरी एक ते काळी एक एवढा सूर चढायला वेग साधारण ६ टक्के वाढावा लागतो. म्राविन्स्कीच्या १९८२च्या आठवीची एक गाजलेली सीडी अशीच चढ्या सुरात निघाली होती, आणि तीच वर्षानुवर्षं लोकांनी ऐकली. तपासायला घरातली पेटी पुरते. आठवी सी मायनरमध्ये आहे. सुरुवातीलाच चेलो आणि डबल बेस खर्जात सा, कोमल नी, सा असं धडकतात. पेटीवर पांढरी एक दाबून धरा आणि ऐका. किंचित फरक सोडून द्या, कारण ऑर्केस्ट्रा आणि तुमची पेटी एकाच सुरात मिळवलेली असेल असं नाही. पण स्वर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल तर 'कशावरून'च्या पानावर नोंद करा.

तिसरा उपाय ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचा. दोन्ही ध्वनिमुद्रणं वर-खाली लावा, पहिला ठोका जुळवा आणि थेट शेवटाकडे जा. अंतर सारख्या गतीनं वाढत गेलेलं असेल तर वेगाचा फरक. कधी पुढे कधी मागे असं हेलकावत असेल तर वादनं वेगळी.

आणि चौथा: खोकला. लेनिनग्रादच्या हिवाळ्याचे उपकार. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात शांत जागी खोकला, खुर्चीची करकर, एखाद्या हॉर्नचा घसरलेला सूर हमखास सापडतो. मी प्रत्येक वादनासमोर अशा तीन खुणा मिनिट-सेकंदासह लिहितो. 'दुसरा भाग, ०:४०, डावीकडे, दोनदा, बाईचा.' दोन वेगळ्या तारखा छापलेल्या सीडींवर तीच बाई त्याच जागी दोनदा खोकली, तर तारखांपैकी एक खोटी. मात्र टाळ्यांवर विश्वास ठेवू नका. टाळ्या नंतर चिकटवता येतात, आणि स्टुडिओतल्या वादनाला मैफलीचं रूप देण्यासाठी त्या चिकटवल्याही गेल्या आहेत.

एक पूर्ण नोंद

वादन: म्रा-०४१ (हा क्रमांक माझा, तुमचा वेगळा असेल)
रचना: चायकोव्हस्की, सिंफनी क्र. ५, ई मायनर, ओपस ६४
तारीख: १९६०-११-००
जागा: व्हिएन्ना, मुझिकफेराइन
ऑर्केस्ट्रा: लेनिनग्राद फिलहार्मोनिक
प्रकार: स्टुडिओपद्धतीचं, श्रोते नाहीत, स्टिरिओ
तबकड्या: डॉइश ग्रामोफोन १३८ ६५८ (स्टिरिओ), १८ ६५८ (त्याचीच मोनो), नंतरच्या सीडी दुसऱ्या पानावर
कशावरून: वेष्टन, म्रा-०१७ (१९५६) आणि म्रा-०८८ (१९७८) यांच्याशी कानानं ताडून पाहिलं, तिन्ही वेगळी

स्टिरिओ आणि मोनो क्रमांकांत फक्त पुढच्या आकड्यांचा फरक आहे. अशा जोड्या त्या काळात सर्रास निघत. दोन क्रमांक, वादन एक.

डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या संकेतस्थळावर लेबलांची छायाचित्रं भरपूर आहेत. ती पाहा, पण तिथल्या ओळी जशाच्या तशा उचलू नका. तिथे नोंद तबकडीची होते. म्युझिकब्रेन्झ या दुसऱ्या संकेतस्थळाची मांडणी आपल्या कामाला जास्त जवळची, कारण तिथे रचना, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन हे वेगळे धरतात.

जे सुटत नाही त्यासाठी 'अधांतरी' असा एक कप्पा ठेवा. आणि दोन नोंदी एकच निघाल्या तर नंतरची पुसू नका. तुमची यादी कुणाला पाठवलेली असेल, कुणीतरी तिच्यातला क्रमांक कुठेतरी उतरवून घेतलेला असेल. क्रमांक तसाच राहू द्या, बाकी रकाने रिकामे करा आणि समोर लिहा: म्रा-०४१ पाहा.